मागील पानावरून पुढे

साधारण पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पुण्याजवळच्या एका कारखान्यात (नाव कशाला घ्या!) आम्ही गळती तपासायचं एक मशीन बसवलं होतं. अ‍ॅल्युमिनियमचा ओतीव भाग फिक्श्चरमध्ये ठेवायचा, सगळी तोंडं रबराच्या सीलने बंद करायची, आत हवा भरायची आणि काही सेकंद दाब किती घटतो ते पाहायचं. घट ५ मिलिबारच्या आत असेल तर हिरवा दिवा, जास्त असेल तर लाल. त्याचा प्रोग्राम मी लिहिला होता, लॅबव्ह्यूमध्ये. ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी सांगतो, या भाषेत प्रोग्राम 'लिहीत' नाहीत, काढतात. चौकोन काढायचे, त्यांच्यात वायरी जोडायच्या.

मशीनवर जे गृहस्थ होते त्यांना सगळे अण्णा म्हणत. निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेली, बोलणं कमी. महिन्याभरात तक्रार आली की अण्णा मशीनशी 'खेळतात'. लाल दिवा लागला की थोड्या वेळाने प्रोग्राम बंद करून परत चालू करतात आणि मघाशी नापास झालेले भाग पुन्हा लावून पास करून घेतात. क्वालिटीवाल्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. मला बोलावलं गेलं. अण्णांनी माझ्यासमोर एवढंच सांगितलं, "साहेब, या मशीनला एक खराब नग दिसला की पुढचे सगळेच खराब दिसायला लागतात. बंद करून उघडलं की मग बरोबर."

मी हसलो. मशीनला असं काही 'दिसत' नसतं, हे त्यांना समजावलं. आम्ही प्रोग्राम तपासून दिलाय, त्यात चूक नाही, असं लिहून खाली सही केली आणि निघालो. अण्णांना लेखी समज मिळाली आणि त्या मशीनवरून काढून कडा घासायच्या टेबलावर बसवलं.

तीन आठवड्यांनी दुसऱ्याच कामासाठी तिथे गेलो होतो. जेवणाच्या सुट्टीत वेळ होता म्हणून मशीनमधल्या नोंदींची फाइल उघडली. ती फाइल प्रोग्राम रोज इमानेइतबारे लिहीत होता आणि कोणीही, अगदी मीसुद्धा, ती कधी उघडली नव्हती. दाबाची घट त्यात अशी उतरली होती: २.१, २.१, २.६, २.६, ३.०, ३.०, ३.०... मग ८.७. आणि त्यानंतर ८.७, ८.७, ८.७. मधेच एकदम १.९, आणि तिथून पुन्हा चढण सुरू.

आकडे फक्त वर जात होते, खाली येतच नव्हते. जिन्यासारखे. आणि जिथे १.९ होता, तिथे कोणीतरी प्रोग्राम बंद करून परत उघडला होता.

जेवण तसंच राहिलं.

आता चूक काय होती ते सांगतो, कारण पुढचा सगळा लेख त्याच एका चुकीभोवती आहे. दाबाचं वाचन थोडं थरथरतं, म्हणून मी त्या काही सेकंदांतली सर्वांत मोठी घट धरत होतो. त्यासाठी लूप. दर फेरीला नवं वाचन घ्यायचं, आधीच्या मोठ्या आकड्याशी ताडून पाहायचं आणि जे मोठं असेल ते पुढच्या फेरीला द्यायचं. लॅबव्ह्यूत 'पुढच्या फेरीला देणं' हे काम शिफ्ट रजिस्टर करतं. लूपच्या चौकटीच्या उजव्या कडेवर वर तोंड केलेला बाण, डाव्या कडेवर खाली तोंड केलेला. फेरी संपताना उजवीकडे जे ठेवाल ते पुढच्या फेरीच्या सुरुवातीला डावीकडून बाहेर येतं. आपल्या जमाखर्चाच्या वहीत पानाच्या तळाशी बेरीज लिहून पुढच्या पानाच्या डोक्यावर 'मागील पानावरून पुढे' लिहितात ना, अगदी तेच.

पण पहिल्या पानाचं काय? तिथे मागचं पान नसतं. तिथे आरंभीची शिल्लक लिहावी लागते, शून्य असली तर शून्य. लॅबव्ह्यूत त्यासाठी चौकटीच्या बाहेरून डाव्या बाणाला एक वायर आणून जोडायची असते. ती मी जोडली नव्हती.

न जोडल्यास काय होतं? पहिल्यांदा काहीच होत नाही, आणि गंमत तिथेच आहे. प्रोग्राम नुकताच उघडला असेल तर रजिस्टरमध्ये त्या प्रकाराची मूळ किंमत असते. संख्येसाठी शून्य, होय-नाहीसाठी 'नाही', मजकुरासाठी रिकामी ओळ. म्हणजे पहिला भाग अचूक तपासला जातो. पण लूप संपला तरी रजिस्टर रिकामं होत नाही. प्रोग्राम मेमरीत आहे तोवर शेवटची किंमत तिथेच बसून राहते आणि पुढच्या वेळी तीच पहिल्या फेरीला मिळते. मी चाचणी घेतली तेव्हा आधी पाच चांगले भाग लावले आणि सगळ्यात शेवटी एक मुद्दाम भोक पाडलेला. पाच हिरवे, एक लाल. समाधानाने घरी गेलो. खराब भागानंतर एक चांगला भाग लावून पाहिला असता तर...

असो. यात इतिहास कुठे आला, असं तुम्ही म्हणाल. त्या दुपारनंतर मला एक नाद लागला. ही 'आरंभीची शिल्लक' माणसाच्या लक्षात पहिल्यांदा कधी आली, आणि ज्यांनी ही चित्रांची भाषा बनवली त्यांनी अशी फट का ठेवली, हे शोधायचा. जे हाती लागलं ते सांगतो.

सगळ्यात मागे गेलो तर १८४३ साल लागतं. चार्ल्स बॅबेजच्या अ‍ॅनालिटिकल इंजिनवर लुइजी मेनाब्रेआ या इटालियन गणितज्ञाने फ्रेंचमध्ये लिहिलेल्या लेखाचं एडा लव्हलेसने इंग्रजी भाषांतर केलं आणि त्याला स्वतःच्या टिपा जोडल्या. त्यातली शेवटची, 'जी' ही टीप. त्या टिपेत बर्नुली संख्या कशा काढाव्यात याचा तक्ता आहे, पंचवीस क्रियांचा. पुष्कळ लोक त्याला पहिला प्रोग्राम म्हणतात. तसं म्हणावं की नाही यावर वाद आहेत, त्यात आपण पडू नये. मला त्या तक्त्यात वेगळीच गोष्ट दिसली. यंत्रातल्या प्रत्येक खांबाच्या नावाला डावीकडे वर एक छोटा आकडा आहे. त्या खांबावरची किंमत कितव्यांदा बदलली ते तो सांगतो, आणि तिथे शून्य असेल तर खांब अजून कोरा आहे. तक्त्याच्या माथ्यावरच कोणत्या खांबावर सुरुवातीला काय आहे ते मांडलंय. पहिल्यावर १, दुसऱ्यावर २, तिसऱ्यावर 'एन', आणि कामाचे खांब शून्य.

याहून मजेदार भाग शेवटी आहे. तेरा ते तेवीस या क्रिया पुन्हा पुन्हा करायच्या आहेत, म्हणजे लूपच. पंचविसाव्या ओळीत 'एन' एकाने वाढतो, आणि त्याच ओळीत सहाव्या आणि सातव्या खांबावरची किंमत परत शून्यावर आणली आहे. यंत्र बनलेलं नाही, कधी बनणारही नाही, आणि ही बाई कागदावर पाटी पुसून ठेवतेय! पुढची संख्या काढायला लागण्याआधी मागचं उष्टं खांबावर राहिलं तर उत्तर चुकेल, हे तिला न चालवता कळलं होतं. मला चालवूनही कळलं नव्हतं.

मधली शंभर वर्षं ओलांडून एकदम १९६६ ला येऊ. अमेरिकेत एमआयटीमध्ये बर्ट सदरलँड नावाच्या विद्यार्थ्याने पीएच.डी.साठी टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर प्रोग्राम चित्राने काढायची पद्धत तयार केली. (त्याचा भाऊ आयव्हन सदरलँड. त्याने त्याच संगणकावर १९६३ मध्ये 'स्केचपॅड' करून दाखवलं होतं. एका घरात किती हुशारी असावी!) ठोकळे आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, आणि रेषांवरून वाहणारी माहिती. ज्या ठोकळ्याच्या सगळ्या रेषांवर माहिती पोचली तो चालणार. 'आधी हे कर, मग ते कर' असा हुकूम द्यायचाच नाही.

कल्पना सुरेख आहे, पण लूप आला की ती अडखळते. लूपमध्ये रेषा वळून स्वतःच्याच शेपटीला येऊन मिळते. मग पहिल्यांदा तिच्यावर काय असेल? ठोकळा वाट बघतोय रेषेवर माहिती येण्याची, आणि माहिती येणार त्याच ठोकळ्यातून. विरजणासारखं आहे बघा. दही लावायला दही लागतं, मग पहिलं दही कुठून आणायचं? शेजारून.

हे शेजारून आणणं नीट मांडलं ते एमआयटीच्याच जॅक डेनिस यांनी, १९७४ च्या सुमारास. त्यांच्या आकृत्यांमध्ये लूपच्या दाराशी एक ठोकळा असतो. त्याला दोन वाटा, एक बाहेरून येणारी आणि एक लूपच्या आतून परत येणारी. कोणती वाट उघडायची ते तिसऱ्या रेषेवरचं 'होय' किंवा 'नाही' ठरवतं. आणि त्या तिसऱ्या रेषेवर आकृती सुरू व्हायच्या आधीच एक 'नाही' ठेवलेला असतो. त्यामुळे पहिल्यांदा बाहेरची वाट उघडते आणि आरंभीची किंमत आत येते. मग 'होय', 'होय' करत लूप फिरत राहतो. लूप संपायची अट आली की पुन्हा 'नाही' तयार होतो आणि तो जाऊन दारातल्या त्या रेषेवर बसतो. म्हणजे काम संपताना आकृती आपोआप मूळ जागी येते, पुढच्या आरंभीच्या किमतीची वाट पाहत. मागचं काही उरत नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच थोडा वेळ गप्प बसलो होतो. घरातून निघताना पाहुण्यासाठी तांब्या भरून ठेवावा तसं आहे हे.

याच शाखेत आपल्याकडचे अरविंद यांनी पुढे मोठं काम केलं. आयआयटी कानपूरचे पदवीधर, १९७८ पासून एमआयटीत. (ते आडनाव लावत नसत, नुसतेच अरविंद. २०२४ मध्ये ते गेले.) त्यांच्या यंत्रात रेषेवरून जाणाऱ्या प्रत्येक किमतीला एक चिठ्ठी चिकटवलेली असे, ही कोणत्या फेरीतली ते सांगणारी. या फेरीचं त्या फेरीत मिसळायला जागाच नाही.

म्हणजे विद्यापीठातल्या लोकांनी ही फट आधीच बुजवली होती. मग लॅबव्ह्यूत ती आली कुठून?

टेक्सासमधल्या ऑस्टिन गावी १९७६ मध्ये जेम्स ट्रूचार्ड, जेफ कोडोस्की आणि बिल नोवलिन या तिघांनी नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स ही कंपनी काढली. प्रयोगशाळेतली उपकरणं संगणकाला जोडून देणं हा धंदा. उपकरणं जोडली जात, पण प्रोग्राम लिहिणं प्रयोग करणाऱ्यांना जड जाई. शास्त्रज्ञाला ठोकळे आणि रेषा कळतात, तर तोच प्रोग्राम का असू नये, या विचाराने कोडोस्कींनी काम सुरू केलं. त्यांचंही घोडं लूपपाशीच अडलं. रेषा मागे वळवून जोडली की चित्राचा गुंता होतो. त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे चौकट. लूप म्हणजे रेषेची वेटोळी नव्हे, लूप म्हणजे एक चौकट, तिच्या आत जे आहे ते पुन्हा पुन्हा होणार. रेषा नेहमी डावीकडून उजवीकडे. आणि मागच्या फेरीतलं पुढे न्यायचं तर चौकटीच्या कडेवर ते दोन बाण. ऑक्टोबर १९८६ मध्ये मॅकिंटॉशसाठी लॅबव्ह्यू बाजारात आलं.

चौकटीने चित्र स्वच्छ झालं, यात शंका नाही. पण डेनिस यांच्या आकृतीत दारातला 'नाही' डोळ्यांना दिसायचा. इथे तो गेला. बाहेरून वायर जोडली तर आरंभीची शिल्लक आहे, नाही जोडली तर नाही. आणि नाही जोडली म्हणून प्रोग्राम अडत नाही. इतर ठिकाणी आवश्यक वायर राहिली तर लॅबव्ह्यूत 'रन'चा बाण तुटलेला दिसतो. इथे तो अखंडच राहतो, कारण वायर नसणं हासुद्धा एक वैध अर्थ आहे: मागचं आठव.

आणि हा अर्थ लोकांनी मनापासून वापरला, हे सांगितलं नाही तर अन्याय होईल. १९९० मध्ये लॅबव्ह्यू २ आलं. त्यात एका प्रोग्रामने ठेवलेली किंमत दुसऱ्याला वाचता यावी अशी सोय नव्हती. तेव्हा वापरणाऱ्यांनीच युक्ती काढली. एक छोटा उपप्रोग्राम करायचा, त्यात एकच फेरी करणारा लूप आणि मुद्दाम वायर न जोडलेलं शिफ्ट रजिस्टर. 'ठेव' म्हटलं की किंमत ठेवणार, 'दे' म्हटलं की परत देणार. सगळ्यांची सामाईक फडताळं! पुढे भाषेत खरे ग्लोबल व्हेरिएबल आले तरी लोकांनी ही युक्ती सोडली नाही. असा उपप्रोग्राम एका वेळी एकाचंच काम घेतो, त्यामुळे दोघांनी एकदम हात घालून घोळ होत नाही. आजही जुनी मंडळी त्याला 'लॅबव्ह्यू २ स्टाईल ग्लोबल' म्हणतात. म्हणजे ज्या फटीत मी पडलो, त्याच फटीत दुसऱ्यांनी दिवा ठेवला होता. २००३ मध्ये आवृत्ती ७ बरोबर फीडबॅक नोड आला. तो चौकटीच्या कडेवर न बसता वायरीवरच बसतो, पण आरंभीची किंमत त्यालाही आठवणीने द्यावी लागते.

ही चूक चित्रांच्या भाषेतच होते असं मात्र नाही. ३ डिसेंबर १९९९ ला नासाचं मार्स पोलर लँडर मंगळावर उतरताना हरवलं. त्याचा प्रोग्राम चित्रांचा नव्हता, पण चौकशीत जे सर्वांत संभाव्य कारण पुढे आलं ते वाचून मला आमच्या मशीनचा लाल दिवा आठवला. यानाच्या पायांत जमिनीला टेकल्याचं कळवणारे सेन्सर होते. प्रोग्राम ते सेकंदाला शंभर वेळा वाचत असे. जमिनीपासून सुमारे १५०० मीटरवर पाय उघडले, तेव्हाच्या झटक्याने सेन्सरने क्षणभर 'टेकलो' असं सांगितलं असणार. सुमारे ४० मीटरवर आल्यानंतरच या सेन्सरचं ऐकायचं, असं ठरलेलं होतं. ते पाळलंही गेलं. पण मघाचं 'टेकलो' पुसलं गेलं नव्हतं. ४० मीटरवर प्रोग्रामने पाहिलं, 'टेकलो' अशी नोंद आहे, आणि इंजिनं बंद केली. एक नोंद. पुसायची राहिलेली.

आणि अगदी हल्लीचं उदाहरण हवं तर मुलांच्या 'स्क्रॅच'चं घ्या, एमआयटीतूनच २००७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालेलं. रंगीत ठोकळे जोडून खेळ बनवायचा. त्यातही गुणांचा आकडा मागच्या खेळावरून तसाच पुढे येतो. मुलगी ओरडते, "बाबा, मी अजून खेळलेच नाही आणि माझे ४० झाले!" मग तिला हिरव्या झेंड्याखाली 'गुण ० करा' हा ठोकळा लावायला शिकवायचं. मला हे शिकवताना फार बरं वाटतं. दहाव्या वर्षी शिकलेलं बरं.

परत त्या दुपारकडे येतो. दुरुस्तीला मिनिटभर लागलं. एक शून्य आणि एक वायर. मग खराब भाग लावला, लाल. लगेच चांगला लावला, हिरवा. पुढचं काम जास्त जड होतं. मी लेखी दिलं की चूक प्रोग्रामची, म्हणजे माझी होती, आणि अण्णा सांगत होते ते शब्दशः खरं होतं. समजपत्र मागे घेतलं गेलं आणि अण्णा मशीनवर परत आले. मी माफी मागायला गेलो तर ते म्हणाले, "झालं ना बरं आता? मग झालं." आणि पुढचा नग लावला.

त्यांचं समाधान झालं असेल, माझं झालं नाही. कारण नंतर विचार करताना एक गोष्ट उमगली. अण्णांचं वाक्य म्हणजे त्या बिघाडाचं अचूक वर्णन होतं. 'एक खराब दिसला की पुढचे सगळे खराब, बंद करून उघडलं की बरोबर.' हे जर मला दुसऱ्या एखाद्या इंजिनिअरने सांगितलं असतं तर मी पाच मिनिटांत ते रजिस्टर गाठलं असतं. पण आधीच्या एका साइटवर एका ऑपरेटरने खरंच मशीनशी खेळ केला होता आणि त्यापायी मी खूप बोलणी खाल्ली होती. तो आकडा माझ्या डोक्यात तसाच बसून होता. अण्णा समोर आले तेव्हा पहिली फेरी तिथून सुरू झाली. मागील पानावरून पुढे.

माणसाचं मशीनसारखं नसतं, बंद करून उघडता येत नाही. आणि सगळं पुसावं असंही नाही, अनुभव म्हणजे तरी दुसरं काय? पण कोणती शिल्लक पुढे न्यायची आणि कुठे पान नव्याने सुरू करायचं, ते दर वेळी आपणच ठरवायचं असतं. ती वायर कोणी जोडली नाही म्हणून बाण तुटलेला दिसत नाही.

तेव्हापासून मी दोन गोष्टी करतो. कोणतीही चाचणी घेताना खराब भाग आधी लावतो आणि चांगला नंतर. आणि मशीन चालवणारा माणूस काही सांगायला लागला की त्याचं वाक्य, जसंच्या तसं, वहीत उतरवून घेतो. नव्या पानावर.